वरून काळी, आतून राखाडी

कातरणाऱ्यानं पहिल्याच मेंढीच्या पाठीवरून कातर दोनदा चालवली आणि हात थांबवला.

"इकडं या की जरा," तो मला म्हणाला. "हिला कलर मारलाय का काय?"

मी वाकून पाहिलं. मेंढी वरून नेहमीसारखीच काळी होती. पण कातरलेल्या लोकरीचा पट्टा त्यानं मांडीवर उलटा केला, तर आतली बाजू काळी नव्हतीच. चुलीतल्या राखेत थोडा गंज कालवावा, तसा तिचा रंग. टोकाला नखाएवढं काळं आणि खाली पार मुळापर्यंत हे असं. त्यानं दुसरी मेंढी धरली. तीही तशीच. तिसरी, चौथी. तोवर त्याचा जोडीदारही कातर खाली ठेवून उभा राहिला होता.

"चोवीसच्या चोवीस अशाच असतेल बघ," तो म्हणाला आणि दोघांनी एकदमच माझ्याकडं पाहिलं.

मला कुणी नुसतं नाव विचारलं तरी आपलं काय चुकलं ते मी आठवायला लागतो. इथं तर सरळ विचारणाच होती. मी म्हणालो, "नाही जी, कलर कशाला मारू?" माझं ते 'जी' ऐकून इकडची माणसं एरवी हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मी मूळचा इकडचा नाही. झाडीपट्टीतलं आमचं गाव. भात, तळी आणि जंगल. तिथून इथं यायला एक रात्र रेल्वे आणि पुढं अर्धा दिवस एसटी. आठवीत शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी गावच्या एकाच्या मागं मागं चिकलठाण्याच्या एका कंपनीत कंत्राटावर लागलो. तिथल्या ठेकेदारानं एका संध्याकाळी सगळ्यांना पेढे वाटले, पाठीवर हात ठेवून 'काळजी करू नका रे' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर माझं कार्ड चालेना. त्या दिवसापासून कुणी विनाकारण गोड बोललं की माझं लक्ष गेटकडं जातं.

अशा अवस्थेत मला ताई भेटल्या. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या, राहायला शहरात, उस्मानपुऱ्यात. विमानतळाच्या पुढं, जालना रोडपासून आत त्यांची दोन एकर जमीन होती आणि तिथं त्यांनी काळ्या मेंढ्या पाळल्या होत्या. लोक मटणासाठी मेंढ्या पाळतात, त्यामुळं आता सगळीकडं पांढऱ्या आणि मिश्र जातीच्याच दिसतात. घोंगडी विणणाऱ्या एका बाबांना अस्सल काळी लोकर मिळेना, रंगवलेली ते वापरत नाहीत, हे ताईंनी कुठंतरी ऐकलं आणि मनावर घेतलं. मला त्यांनी शेडशेजारची खोली दिली, काम दिलं. आडवेतिडवे प्रश्न विचारले नाहीत. रोज सकाळी आठला स्कूटरवरून यायच्या, गेटवरूनच 'जयभीम' घालायच्या आणि आधी मला चहा झाला का विचारायच्या, मग मेंढ्यांना. सहा वर्षं असंच. या बाईनं मला उभं केलं, हे मी कुणापुढंही सांगेन. तरी त्या कधी जास्त मायेनं बोलल्या की मला रात्री तो पेढा आठवायचा, हेही खरं.

त्यांचे मोठे भाऊ, त्यांना सगळे मामा म्हणतात, या मेंढ्यांच्या पहिल्यापासून विरोधात. आजूबाजूला फ्लॅट उठतायत, जमीन विकून मोकळी हो, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी येऊन ते खुर्चीत बसायचे आणि चहा पिता पिता कळपाकडं असे बघायचे, जणू कळप त्यांच्या जागेत बसलाय. बाबांनी लोकर नाकारली की ताईंचा युक्तिवाद संपणार होता. कळप गेला की माझं काम जाणार, खोली जाणार, आणि परत कुठल्या तरी गेटवर उभं राहावं लागणार. कातरणाऱ्यानं तो पट्टा मांडीवर उलटा केला, तेव्हा मला लोकर दिसलीच नाही खरं तर. हे सगळं दिसलं.

मामा त्याच दुपारी आले. लोकर हातात घेतली, टोक पाहिलं, मूळ पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"काळ्या विकल्या. भुऱ्या आणून बांधल्या. वरून डाय मारला."

"दादा, काहीतरीच काय!" ताई म्हणाल्या.

"मग मूळ पांढरट आणि टोक काळं कशानं होतं? सांग ना. उन्हानं जातो रंग, तो वरून जातो. टोक तांबडं पडतं, मूळ काळंच राहतं. हे उलटं आहे. हे फक्त डायनं होतं. मला शिकवू नको."

यात त्यांना शिकवण्यासारखं खरंच काही नव्हतं. दर पंधरवड्याला मामा स्वतःचे केस काळे करतात आणि मधल्या दिवसांत त्यांच्या भांगात नेमकी हीच रेघ दिसते. ते बोलत होते आणि माझी नजर सारखी त्यांच्या भांगाकडं जात होती. कातरणाऱ्यांचीही जात होती. बोलायची हिंमत कुणाला?

"कानाच्या खाचा बघा मामा," मी म्हणालो. आमच्या प्रत्येक मेंढीच्या डाव्या कानाला दोन खाचा आहेत, ती ताईंच्या कळपाची खूण. "त्याच आहेत सगळ्या."

"कान काय, कुणाचाही कापता येतो," मामा म्हणाले.

मग त्यांनी माझी ट्रंक उघडायला लावली. मी उघडली. दोन शर्ट, आईचा फोटो, चार्जर आणि तळाला काळ्या बूटपॉलिशची डबी. ती त्यांनी दोन बोटांत धरून उचलली आणि ताईंना अशी दाखवली, जणू बाँब सापडला.

"त्याच्या कंपनीतल्या बुटांची आहे ती," ताई म्हणाल्या. त्या माझ्या बाजूनं बोलल्या. पण बोलायच्या आधी क्षणभर थांबल्या. तो क्षण मी आजवर विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मामा शहागंजच्या बाजारात गेले. मोबाईलमध्ये माझा फोटो घेऊन. रंगाच्या दुकानांतून फिरून 'याला काळा रंग विकला का' असं विचारत. हे मला पुढं त्यांनीच सांगितलं, आणि एका दुकानदाराचं उत्तरही त्याच्याच आवाजात करून दाखवलं: "काका, ऐसी शकल के तो रोज पचास आते. और काला कलर तो सबसे जास्ती आपकेइच उमर के लोगां लेके जाते."

मामा मला चोर समजत होते आणि मी इकडं जगातल्या बाकी सगळ्यांना चोर समजत होतो. आधी कातरणाऱ्यांवर संशय घेतला, की यांनीच काही लावलं असेल. मग वरच्या अंगाच्या कारखान्याच्या नाल्यावर. त्या नाल्याचं पाणी आमच्या विहिरीत झिरपतं असं मी ठरवून टाकलं. पाण्याला वास येतो का म्हणून दिवसातून चार वेळा बादली नाकाला लावायचो. आणि सगळ्यात जास्त संशय शेजारच्या प्लॉटवाल्यावर. त्यानं माघात कुंपणाकडेनं तणनाशक मारलं होतं आणि फाल्गुनात आमची तीन कोकरं वाईट जन्मली होती. मागचे पाय त्यांना उचलताच येत नव्हते. उभं करायला जावं तर कंबर झोकांड्या खायची आणि बूड टेकायचं. त्यांतल्या एकाला ताईंनी अकरा दिवस पदराखाली धरून बाटलीनं दूध पाजलं. ते बाराव्या दिवशी गेलं. बाकीची दोन त्याआधीच गेली होती. तेव्हा मी कुंपणावर जाऊन त्या माणसाला वाट्टेल ते बोललो होतो. आता लोकर पाहून मला वाटलं, बघा, हाच तो, आधी कोकरं आणि आता हे.

आठवड्यानं बाबा आले, घोंगडीवाले. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पिशवीतून पांढरा रुमाल काढला, लोकरीची बट पाण्यात भिजवली आणि रुमालात धरून जोरात चोळली. मामा मान लांब करून उभे. रुमालावर मळ उतरला, काळा रंग नाही.

"डाय नाय," बाबा म्हणाले.

पण त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी बट दोन्ही टोकांना धरून ताणली, सोडली, परत ताणली.

"पर हे लोकर बी नाय. आमच्या लोकरीला लहर असती. ताणली की परत जागेवर येती. ही बघा, तारेसारखी सरळ. ही विणली तर घोंगडी दोन वर्षांत फाटंल आणि नाव माझं जाईल. मेंढ्याच बदलल्यात व्हय बाई?"

"नाही हो," ताई म्हणाल्या.

"मग त्यांच्या पोटात काहीतरी बदललंय," बाबा म्हणाले आणि रुमाल झटकून घडी घातली. "पुढच्या कातरणीला काळी आली तर फोन करा. नाय आली तर नका करू."

दिवाळीनंतरची कातरणी. तेवढीच मुदत.

बाबांच्या त्या एका वाक्यावरून ताईंनी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. तरुण बाई, पायात गमबूट. आल्या आल्या त्यांनी मेंढीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, डोळ्याभोवतालचा केस पाहिला. तो उजळला होता. ताई मागं एकदा बोलल्याही होत्या, 'या चष्मा लावल्यासारख्या का दिसतायत रे?' आणि आम्ही हसलो होतो. डॉक्टरबाईंनी कातरून ठेवलेल्या लोकरीतली एक बट उचलून मला विचारलं, "खायला काय काय घालता?"

मला हा प्रश्न सरळ वाटला नाही. मामा मागं हात बांधून उभे होते. काहीही बोललो तरी ते माझ्यावरच उलटणार. मी मोजून सांगितलं, "कडबा. मक्याची कुट्टी. थोडी सरकी पेंड. बाभळीच्या शेंगा."

"बस?"

"बस जी."

त्यांनी नाक वर करून वास घेतला. "मग मला मंडईत उभं राहिल्यासारखं का वाटतंय?"

शेडच्या मागं ताडपत्रीखाली कोबी-फ्लॉवरच्या पाल्याचा ढीग होता. त्याचं असं झालं होतं: आम्ही ज्या पडीक रानात मेंढ्या चारायचो, तिथं मागच्या पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंती उभ्या राहिल्या. चरणं बंद झालं. दिवाळीची कातरणी आटोपली आणि ताई महिनाभर मुलीकडं नागपूरला गेल्या. मला कडब्याची गंजी उतरताना दिसायला लागली. भाजी मार्केटमधून रिकामा परतणारा एक टेम्पोवाला ओळखीचा झाला होता. तिथं पाल्याचे डोंगर पडतात, कुणी विचारत नाही. मी त्याला रोज आमच्या गेटवर टाकायला सांगितलं. मेंढ्या तुटून पडायच्या त्याच्यावर. हिरवागार, रसरशीत पाला; कडबा बाजूला सारून त्या पालाच खायच्या. ताई परत आल्या तेव्हा मी त्यांना न उतरलेली गंजी दाखवली, आणि त्या म्हणाल्या, "हुशार आहेस रे तू." शाळा सोडल्यापासून मला हुशार कुणी म्हणालं नव्हतं. मग मी पाला वाढवला.

आता त्या पाल्याचं नाव माझ्या तोंडून निघेना.

"पाला असतो ना," ताईच म्हणाल्या. "कोबीचा, फ्लॉवरचा. दिवाळीनंतर पंधराएक दिवसांनी सुरू केलेला."

"किती?"

"पोटभर."

डॉक्टरबाईंनी ती बट तळहातावर ठेवली आणि नखानं दाखवलं. "हे टोकाचं काळं, हे तुमचे पंधरा-वीस दिवस. इथून पाला सुरू झाला. इथून खाली रंग नाही. मेंढीच्या अंगावरच लिहिलेलं असतं सगळं, फक्त लोकर फाकवून बघावी लागते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. काळा रंग तयार व्हायला अंगाला तांबं लागतं, अगदी कणभर, पण लागतं. लोकरीची लहरही त्यावरच असते. कोबी-फ्लॉवरच्या पाल्यात गंधक भरपूर. थोडा असेल तर काही नाही. पण पोटभर, रोज, सहा महिने खाल्ला की ते गंधक पोटातल्या तांब्याला धरून बसतं. चाऱ्यात तांबं असतं, पोटात जातं, पण अंगी लागत नाही. पांढऱ्या मेंढीत हे दिसलंही नसतं लवकर. काळ्या मेंढीत दिसतं. रक्त तपासायला पाठवते, म्हणाल्या, पण मला शंका नाही फारशी.

"मग जीवनसत्त्वं द्यायची का?" मामांनी विचारलं. आवाज बदलला होता त्यांचा. "माझ्याकडं गोळ्या आहेत, ब जीवनसत्त्वाच्या. केसांसाठी घेतो मी."

डॉक्टरबाईंनी त्यांच्या डोक्याकडं पाहिलं. "फरक पडला?"

ताई फिस्सकन हसल्या. मीही हसलो असतो, पण माझं लक्ष त्या ताडपत्रीकडं होतं.

"रवंथ करणारं जनावर ब जीवनसत्त्व पोटातच बनवतं काका. तुमच्या गोळ्या तुम्हालाच राहू द्या."

"मग मोरचूद? तांबंच आहे ना ते? खुरांसाठी आणलेलं पडलंय शेडमध्ये. पाण्यात चिमूट चिमूट..."

"अजिबात नाही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मेंढीला तांबं कमी पडलं तर रंग जातो, जास्त झालं तर जीव जातो. गाईचं खनिज मिश्रणसुद्धा हिला द्यायचं नाही. काय द्यायचं, किती द्यायचं, ते मी देईन. तुम्ही फक्त पाला बंद करा." आणि मग वहीत लिहिता लिहिता विचारलं, "यंदाची कोकरं कशी होती?"

एक विमान अगदी डोक्यावरून उतरलं. त्याचा आवाज गेल्यावर ताई म्हणाल्या, "तीन गेली. मागचे पाय धरत नव्हते."

"हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाभण मेंढीला तांबं मिळालं नाही की तसं होतं."

मला शेजारचा प्लॉटवाला आठवला. त्याला मी बोललेले शब्द आठवले. त्याच्याकडं मी अजूनही गेलेलो नाही. रोज कुंपणाशी दिसतो आणि रोज मी पाठ फिरवतो.

"म्हणजे यानंच केलं," मामा म्हणाले. माझ्याकडं बोट नव्हतं केलं, हनुवटी केली होती.

"मी सांगितलं होतं त्याला," ताई म्हणाल्या. "पाला आण म्हणून. माझंच डोकं."

मी मान वर केली. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत डॉक्टरबाईंच्या वहीकडं बघत होत्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नाही बोललो. उलट माझ्या मनात आलं काय, तर या अशा का बोलल्या? यात यांचा काय डाव? सहा वर्षं ज्या बाईनं मला घास दिला तिनं माझा गुन्हा स्वतःवर घेतला, आणि मी त्यात पेढा शोधत होतो.

पाला बंद झाला. टेम्पोवाल्याला मी हात जोडून सांगितलं. डॉक्टरबाईंनी मोजून इंजेक्शनं दिली, रक्ताचा निकाल त्या म्हणाल्या तसाच आला. दूरच्या बांधावरून मी सुबाभळ, बोर, जे मिळेल ते कापून आणायला लागलो; विषारी घाणेरी तेवढी सोडायचो. एकदा तर ताईंच्या तांब्याच्या कळशीतलं पाणी मेंढ्यांना पाजावं असं वाटलं, पण मोरचुदाचं ऐकल्यापासून धीर झाला नाही.

रोज सकाळी ताई यायच्या आधी मी ठरलेल्या एका मेंढीच्या खांद्यावरची लोकर दोन अंगठ्यांनी फाकवून बघायचो. नुकतीच कातरलेली, आखूड. पहिले पाच आठवडे राखाडीच. मग एके दिवशी कातडीला लागून दोऱ्याएवढी काळी रेघ दिसली. मला वाटलं मळ आहे. थुंकी लावून चोळलं. गेली नाही. दुसरी मेंढी पाहिली, तिसरी पाहिली. तरी ताईंना सांगितलं नाही. उद्या नसली तर काय घ्या. चार दिवसांनी त्यांनीच चष्मा लावून पाहिली आणि "अगंबाई!" असं इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की मेंढी हातातून सुटून पळाली.

रविवारी मामा आले. त्यांनी स्वतः लोकर फाकवून पाहिली. निरखून पाहिली. मग खुर्चीत बसले आणि त्यांचं सुरू झालं. तसं ते दर रविवारी सुरू असायचंच, पण त्या दिवशी काळी रेघ बघून त्यांना जास्तच चेव आला.

"आता येतेय काळी. येणारच. अक्कल पोटातच नव्हती तर कळप काय करणार? झेडपीत सव्वीस वर्षं फायली वाळवी लागेपर्यंत सांभाळल्या, तेच डोकं मेंढ्यांना लावलं बाईंनी. फुकटचा पाला! तीन कोकरं मारलीस तू. आणि पदराखाली घेऊन रडत कोण बसलं होतं? तूच!"

ताई नळाखाली कप धूत होत्या. एकच कप परत परत धूत राहिल्या.

"मामा," मी म्हणालो. "पाला मी आणला. ताईंनी सांगितला नव्हता. ताई तेव्हा नागपूरला होत्या."

मामांनी चहाचा घोट घेतला. शांतपणे.

"मला काय खुळा समजतो का तू? नागपूरच्या गाडीत तिला बसवायला मीच गेलो होतो स्टेशनावर. तिला पाला मेंढी खाते का मेंढा, हेसुद्धा माहीत नाही. मी बघत होतो तू किती दिवस मूग गिळून बसतोस." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "सहा रविवार. बरेच झाले."

म्हणजे ते टोमणे ताईंना नव्हतेच. दर रविवारी मला होते, ताईंच्या अंगावरून. मला वाटलं आता ट्रंक भरायची. पण मामा आणखी काही बोलले नाहीत. बोलल्या त्या ताई. नळ बंद करून, ओले हात तसेच धरून वळल्या.

"तू कशाला बोललास?"

"ताई, ते तुम्हाला..."

"बोलायचंच होतं तर त्या दिवशी बोलायचंस. डॉक्टरांसमोर. मी खोटं बोलून बसले. सहा रविवार याची बोलणी खाल्ली. आणि आज तू खरं बोलून मोकळा झालास. आणि तू," त्या मामांकडं वळल्या, "माहीत असून बोलत होतास? मला? तीन कोकरं मारली म्हणून?"

मामांनी कप खाली ठेवला.

ताई स्कूटर काढून निघून गेल्या. सोमवारी आल्या नाहीत. मंगळवारी आल्या नाहीत. मंगळवारी मामा आले, खुर्चीत बसले नाहीत, बराच वेळ गेटपाशीच उभे राहिले आणि मग विचारलं, "फोन उचलते का ती तुझा?" मी म्हणालो, "नाही जी." ते म्हणाले, "माझाही नाही." मग आम्ही दोघांनी मिळून शेड झाडली. का, ते माहीत नाही.

बुधवारी आठला ताई आल्या. मी मेंढ्यांना कुट्टी घालत होतो. त्या शेडच्या दारात उभ्या राहिल्या. मी आधीच मनाशी पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो आणि भलतंच विचारलं.

"ताई, तुम्ही तसं का बोललात? डॉक्टरांसमोर, पाला तुम्हीच सांगितला म्हणून?"

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

"तू मला गंजी दाखवलीस तेव्हा मी तुला हुशार म्हणाले. तेव्हा एक फोन करून डॉक्टरांना विचारायला मला काय झालं होतं? वाचतोय ना कडबा, मग झालं. ते माझंच होतं. तेवढंच घेतलं मी. जास्त घेतलं असेल तर ते तुझ्याच्यानं बोलवत नव्हतं म्हणून." मग म्हणाल्या, "तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं.

"इथंच राहा," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. वाईट काही करायचं मनात आलं तर खुशाल कर, ते दिसतं, पकडता येतं. चांगलं करावंसं वाटलं तर आधी मला विचारायचं."

"हो जी."

"हो जी नाही. विचारायचं."

त्याच दुपारी शेडमध्ये फार ऊन येत होतं. पश्चिमेच्या बाजूनं जुन्या साड्या बांधल्या तर मेंढ्यांना सावली होईल, असं मनात आलं. साड्या खोलीतच होत्या, दोरीही होती, दहा मिनिटांचं काम. मी स्टुलावर चढलो, पहिली गाठ मारली आणि हात थांबला. वारा अडेल का? कोंदट होईल का? साडीचा रंग सुटला आणि कुणी चघळली तर?

गाठ सोडली, खाली उतरलो आणि उस्मानपुऱ्याला फोन लावला.

"ताई, एक विचारायचं होतं."

"बोल," त्या म्हणाल्या. आणि माझं पूर्ण ऐकून घेईपर्यंत मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.